बाबांनी कालवलेलं शेवटचं शेण

बाबा गेले आणि आठवड्याभरात मुलाने गाई विकल्या. घेणारा माणूस चांगला निघाला, त्यामुळे राग धरायलाही जागा उरली नाही. मागच्या अंगणात राहिली ती फक्त शेणाची टाकी. गेले त्या सकाळीसुद्धा बाबांनी पाण्यात कालवलेलं शेण तिच्यात ओतलं होतं. त्याचा गॅस वर पालथ्या घातलेल्या लोखंडी पिंपात जमत होता, आणि काही झालंच नाही अशा थाटात पिंप रोज थोडं थोडं वर चढत होतं.

लेकीने गॅसचा नळ बंद करून टाकला. “हा कोणी जाळायचा नाही.” बाबांच्या हातचं एवढंच उरलं होतं.

“जन्मभर त्या वासाला नाक मुरडलंस,” आई म्हणाली, “आता अत्तरासारखा जपतेस होय?”

खोटं नव्हतं. कॉलेजात असताना तिने मैत्रिणींना सांगितलं होतं की बाबा ऊर्जा क्षेत्रात आहेत. पण आई तरी कुठे वेगळी होती? तिने तो गॅस स्वयंपाकघरात कधी येऊच दिला नाही. शेणावर शिजलेलं आपल्या घशाखाली उतरायचं नाही, म्हणाली. बाबांनी मुकाट्याने मागच्या पडवीत एक शेगडी मांडली आणि वीस वर्षं आपला चहा आपण केला. शेजाऱ्यांना सांगायचे, “आमच्या घरात चुली दोन, पण भांडण एकच.”

रविवारी अंगणातच शोकसभा झाली. बाबांना ‘शेणशास्त्रज्ञ’ म्हणणारे झाडून सगळे हजर होते. काका बोलायला उठले. टाकी खणायला बाबांनी कुदळ मागितली तेव्हा, “दादा, स्वतःच्या हाताने खड्ड्यात जाणारा माणूस आज पाहिला,” असं म्हणणारे हेच ते काका.

आता ते म्हणाले, “दादांच्या कामाचा सुगंध आज सर्वत्र...”

आणि वास आला. सडक्या अंड्यांचा, चांगला दाट. काकांनी रुमाल नाकाला लावला. मागे बसलेल्यांना वाटलं, गहिवरले.

लेक टाकीकडे धावली. पिंप गच्च भरून एका अंगाला कललं होतं आणि त्याच्या काठाखालून गॅस बुडबुडत निसटत होता. बुडबुड्यांनी कडेला उडालेलं शेण वाळून तडकलेलं होतं; म्हणजे हे आजचं नव्हतं. ती जपत होती तेव्हाही तो जातच होता.

“कोंडून राहणाऱ्यातला नाही तो,” आई मागून म्हणाली. “वापरला नाही तर उडून जातो. रोज ऐकवायचे मला. म्हणायचे, एक कप तरी घे.”

वाऱ्याने वास पांगल्यावर लेकीनेच नळ उघडला. पडवीतली शेगडी निळी पेटली. आईने मोठं पातेलं चढवलं आणि चहा अंगणभर फिरला. काकांनी दुसऱ्यांदा मागून घेतला. पिंप हळूहळू खाली बसलं.

आई शेगडीशेजारच्या बाबांच्या स्टुलावर बसली. तिने एक घोट घेतला, मग दुसरा.

“कसा झालाय?” लेकीने विचारलं.

“चहासारखा,” आई म्हणाली. कप रिकामा होईपर्यंत ती पिंपाकडे बघत राहिली. मग तो पुढे करत तिने विचारलं, “अजून आहे?”

“थोडे दिवस पुरेल.”

“मग तोवर माझा चहा इथेच ठेवत जा.”