एका खणातल्या दोन मुंग्या

थोरल्याची मुलगी सासरी गेली, त्याच वर्षी धाकट्याने त्याच्या मुंगीचे दोन तुकडे केले.

मुंगी थोरल्याचीच म्हणायची. संग्रहालयात तीस वर्षं भिंगाला डोळा लावून त्याने मुंग्यांच्या जाती ठरवल्या होत्या, आणि ही काळी, लाल पायांची मुंगी एकाच खणात, एकाच चिठ्ठीखाली ठेवली होती. सख्खा धाकटा भाऊ शेजारच्या खोलीत बसे. अळ्यांचे मेंदू काचपट्टीवर दाबून तो पेशींतली गुणसूत्रं मोजी. भिंतीतल्या घरट्यांत अठरा भरली, झाडावरच्यांत बावीस.

"दादा, या दोन जाती आहेत," तो म्हणाला.

तेव्हापासून येणारा-जाणारा धाकट्याच्या दारात थांबू लागला. थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"भाऊजींनी चार आकडे मोजले, तर तुमचं तोंड का हो एवढंसं?" बायकोने टोमणा मारला.

"आकडे काय, कोणीही मोजेल!"

"मग मोजा की!"

धाकटा आठवडाभर बाहेरगावी होता. थोरल्याने झाडावरच्या घरट्यातून अळ्या आणल्या, स्वतः काचपट्ट्या केल्या. पुन्हा पुन्हा अकराच. ना अठरा, ना बावीस! सोमवारच्या बैठकीत त्याने सगळ्यांदेखत ऐकवलं, "असल्या मोजणीवर जाती कसल्या पाडता?"

धाकटा काचपट्टी बघून हळूच म्हणाला, "दादा, नरांच्या अळ्या आल्यात. नरांत निम्मीच असतात ना? अकरा दुणे बावीस. तू तर माझं काम पक्कं केलंस!"

नरांचं हे थोरल्याला धाकट्याच्याही आधीपासून ठाऊक होतं. भावाला पाडायच्या घाईत नेमकं तेच डोक्यातून निसटलं. पुढे धाकट्याने लेखाच्या शेवटी, बारीक अक्षरांत, दादाचे आभार मानले. ते तर मिरचीसारखं झोंबलं.

मग थोरल्याने दोन्ही मुंग्या पुन्हा भिंगाखाली घेतल्या. गुणसूत्रं न मोजता, नुसत्या भिंगातून दिसेल अशी एक खूण त्याला हवी होती. दीड वर्षाने सापडली: कमरेच्या गाठीवर झाडावरचीला चार केस, भिंतीतलीला दोन. तीनशे मुंग्या तपासल्या, एकही चुकली नाही.

धाकटा अधूनमधून दारात येई. "दादा, काय चाललंय एवढं?"

"काही नाही रे," म्हणत तो कागद पालथा घाली. छापून आलं की समोर टाकू, मग बघू याचं तोंड.

अंक ऑक्टोबरात आला. धाकटा त्याआधीच, ऑगस्टच्या नऊ तारखेला सकाळी, हृदय बंद पडून वारला होता.