लुगड्याएवढी जागा

आमच्या केतनला एक घाणेरडी खोड आहे. मी बोलायला लागले की हा मोबाइलवर बोट फिरवत "हां आये, हां" करतो आणि शेवटी स्वतःचंच खरं करतो. तीन पोरं वाढवली, त्यात हा धाकटा कानाने बाद निघाला.

आमचं घर घाटकोपरच्या टेकडीवर, शेवटच्या ओळीत. मागे मोकळी जागा, मग एकदम उतार, आणि उताराच्या पायथ्याला खालची चाळ. ती जागा माझ्या नवऱ्याने, धाकूने मुद्दाम सोडलेली. घर बांधताना धाकूने माझं नऊवारी मागून घेतलं, टेकडीच्या कडेपासून अंथरलं आणि पदर संपला तिथे भिंतीची खूण केली. "शकू, ह्या लुगड्यावर वीट ठेवायची नाय," म्हणाला. लोक हसले. मी चौथी नापास, पण कुणाचं ऐकायचं ते मला कळतं. लुगडं तसंच घडी करून ट्रंकेत ठेवलं.

धाकू गेला आणि केतनला ती जागा खुपायला लागली. सून सपना पोटुशी. "बाळाला खोली नको, आये? लोक फुटासाठी डोकी फोडतात आणि तू तिथे कपडे वाळवतेस!" मे महिन्यात मी गावी गेले, तेवढ्यात त्याने खोली उठवली. कडेपासून जेमतेम दोन हात. वर पत्रा, खाली लादी. आता सपनाला सातवा महिना, येत्या रविवारी तिची खाट तिथे हलवायची होती.

जुलै लागला. माझी कपड्यांची तार खोलीच्या बाजूने जाते, घराच्या भिंतीपासून कडेवर पुरलेल्या पाइपापर्यंत. ओली चादर टाकली की ती लोंबायची, मी मधे बांबूचा टेकू द्यायचे. काल बघते तर टेकू आडवा पडलेला. उभा केला, तर तारेला पोचेना.

"कुणी ताणली गं?" मी विचारलं.

"मला वाटलं तुम्हीच, आई," सपना म्हणाली.

केतनने तर हातच लावला नव्हता. मी तारेवर नख मारलं. एकतारीसारखी वाजली.

आज सकाळी ट्रंकेतलं लुगडं काढलं आणि खोलीच्या बाजूने, घराच्या भिंतीपासून कडेपर्यंत अंथरलं. वीतभर कमी पडलं.

केतन दात घासत बघत होता. "आटलं असेल जुनं लुगडं."

"त्या दिवसापासून पाण्यात घातलं नाय."

"मग जागा वाढली, आये! फुकटात! झकास ना?" आणि फेस उडवत हसला.

मी हसले नाही. आत गेले. जुनं घर आणि नवी खोली जुळते तिथे सिमेंटचा वीतभर रुंद ओला पट्टा दिसला.

"हे काय?"

"आधी बारीकशी भेग होती गं. दोनदा भरली, परत उघडते. सिमेंटच डुप्लिकेट."

वीत तिथून आली होती. चमच्याने पट्टा उकरला, तर चमचा दांड्यासकट आत गेला आणि खालून गार वारा आला. बाहेर तार टण्णकन तुटली. सपनाने पोटावर हात ठेवला.

मी तिची पिशवी भरली, चारकोपच्या लेकीला फोन लावला, लुगडं खांद्यावर टाकलं. केतन हातात ब्रश धरून तसाच उभा. पहिल्यांदाच मोबाइल खिशात होता.

"झिला, जागा वाढली नाय, खाली निघालीय. सपना माझ्याबरोबर चालली, आणि ह्या घरात आता मीपण निजायची नाय, सांगून ठेवते. तू चूळ भर आणि खाली चाळीत जा. एकेक दार वाजव, आणि माणसं बाहेर काढताना सांग, वरची खोली मी बांधली म्हणून. तुझ्याच तोंडाने सांग."