एचडीतली आई

बदलापूरच्या पुढे एका गावात माझी आई, राजाबाई, एकटी राहते. मार्चमध्ये तिला चक्कर आली, म्हणून मी तिच्या खोलीत कॅमेरा लावून घेतला. मी अंबरनाथला ब्लाउज शिवते. मशीनशेजारी मुलाचा जुना टॅब उभा करायचा आणि दिवसभर आईवर नजर ठेवायची.

कॅमेरा बसवणाऱ्या कल्पेशनं विचारलं, "ताई, साधं ठेवू की एचडी?"

"एचडी. तिनं गोळी जिभेखाली लपवली तरी दिसली पाहिजे."

"नेटचा वेग चारेक एमबीपीएस लागेल. कनेक्शन तीसचं आहे, पुरून उरेल."

उरेल म्हणाला, तेवढं आईनं ऐकलं. आमच्याकडे उरलेलं झाकून ठेवत नाहीत, वाटतात. आठ दिवसांत पासवर्ड आळीभर झाला आणि पाच घरांतले टीव्ही आईच्या नेटवर चालू लागले.

मी फोनवर चिडले, तर म्हणाली, "माना एकटीला कवरा लागतं गो? सांडून जायाच्या परीस बघू दे लोकांना."

"आई, नेट सांडत नाही."

"मंग सरत पन नाय."

मी फोन ठेवला आणि मशीन चालवायला घेतलं.

गेल्या रविवारी दुपारी क्रिकेटची मॅच होती. मी अस्तर कापत होते. टॅबवर आई खुर्चीत, हात मांडीवर. आज किती शांत बसलीय, म्हणून मलाच बरं वाटलं. एक ब्लाउज संपला, दुसऱ्याला हुक लावले, आई तशीच. तेवढ्यात फोन आला, शेजारच्या तुळशीवहिनीचा.

"ताई, घाबरू नका. आई पडल्यात, न्हाणीच्या दारात. शुद्धीत हायेत."

"अहो, ती तर खुर्चीत बसलीय!"

"ताई, मी त्यांच्याजवळच बसलेय."

तेव्हा मी टॅबच्या कोपऱ्यातली वेळ पाहिली. पाऊण तास जुनी. पाच घरांत मॅच एचडीत चालली होती, आणि त्या गर्दीत माझं चित्र केव्हाच अडकलं होतं. पाऊण तास मी कौतुकानं एक फोटो बघत होते.

"तुम्हाला कळलं कसं?"

"आमची मॅच पन सारखी अडकत होती. नेटचा डबा बंद करून चालू करा, सांगायला आले."

आईचं मनगट मोडलं. प्लास्टर झाल्यावर कल्पेश म्हणाला, "पासवर्ड बदला. नाहीतर कॅमेरा साध्यावर आणा. अर्धा एमबीपीएस पुरेल, अडकणं कमी होईल. पण चेहरा कळणार नाही."

पासवर्ड बदललेला असता, तर तुळशीवहिनी त्या दुपारी कशाला आली असती? मी कॅमेरा साध्यावर आणला. आईला नवीन पासवर्डबद्दल विचारलंसुद्धा नाही. उगाच शिव्या कोण खाणार?

आता टॅबवर आई म्हणजे साडीच्या रंगाचा एक डाग. डाग हलला की मी शिवते.

काल दुपारी तो डाग उठला, भिंतीपर्यंत गेला आणि थांबला. एक हात वर. मला हाक मारतेय की भिंतीचा आधार शोधतेय, कळेना. आईला फोन लावला, तो नुसताच वाजत राहिला. मी तुळशीवहिनीला लावला.

"बघते," म्हणाली आणि फोन न ठेवताच धावली. तिच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. मग चित्रात दुसरा डाग आला. दोघी इतक्या जवळ होत्या की कोण कुणाला धरून आहे ते दिसेना.

"वहिनी? काय झालं? वहिनी?"

तिकडून कुणीच बोलेना. मी टॅब डोळ्यांजवळ नेला. चित्र आणखीच धूसर झालं.