चार हजारला पंचवीस वजा

माझ्या उजव्या कानाचा मला माज होता, हे आधीच कबूल करतो. सौदीत, दम्मामच्या आमच्या पॉलिक्लिनिकमध्ये अकरा वर्षं मी लोकांचे कान तपासले. पॉवर हाऊसपासून बंदरापर्यंत कुणालाही विचारा, सांगायचे, जगदीश टेक्निशियन ना? त्याला मुंगी चाललेली ऐकू येते. मी वरवर 'काहीतरीच हं' म्हणायचो आणि आतून फुगायचो.

काम तसं साधं. जाड भिंतींची एक लहानशी खोली, बाहेरचा आवाज आत येत नाही अशी. तिच्यात माणूस बसवायचा, कानांवर हेडफोन चढवायचा. काचेच्या अलीकडे मी आणि माझं मशीन. मशीनमधून शिट्टी सोडायची, ऐकू आली की माणसाने बोट वर करायचं. बोट वर आलं की आवाज दहाने उतरवायचा, नाही आलं की पाचने चढवायचा. असं खालीवर करत करत, जिथे शिट्टी ऐकू येतेही आणि येतही नाही, तो आकडा कागदावर लिहायचा. आकडा लहान तितका कान चांगला. जाड शिट्टीपासून बारीक शिट्टीपर्यंत सगळ्या तपासायच्या. त्यातली चार हजारची शिट्टी फार महत्त्वाची, कारण कारखान्याच्या आवाजाने कान जायला लागला की पहिल्यांदा तीच जाते.

आणि अधूनमधून शिट्टी सोडायचीच नाही. नुसतं गप्प बसायचं आणि बघायचं. तेव्हाही ज्याचं बोट वर येतं तो लबाड, निदान घाबरट. नोकरी टिकावी म्हणून लोक असं करायचे. मी काचेतून त्यांना डोळे वटारून दाखवायचो आणि संध्याकाळी घरी आमच्या विभाला त्यांच्या नकला करून दाखवायचो. ती म्हणायची, "पुरे हो, पोटासाठी करतात बिचारे." मी म्हणायचो, लबाड तो लबाडच.

रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी मशीनचीही परीक्षा व्हायची. ती करायची कानानेच. माझ्या उजव्या कानाचे आकडे मला पाठ होते. चार हजारची शिट्टी मला पाचला ऐकू यायची, अकरा वर्षं पाचलाच. तशी ती आली की मशीन ठीक. खरा नियम दोघांनी ऐकायचा होता, मी आणि नर्स श्यामलाने. पण ऑगस्टात इराकने कुवेत गिळलं आणि डिसेंबर उजाडेपर्यंत श्यामला केरळला गेली, विभा आमच्या शर्विलला घेऊन चिपळूणला गेली. क्लिनिकमध्ये ऐकायला मी एकटा उरलो.

जानेवारीत लढाई सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात सायरन वाजला तेव्हा शहाणी माणसं विषारी वायूच्या भीतीने खिडक्यांच्या फटींना टेप लावून, तोंडावर मास्क चढवून आतल्या खोलीत बसली. मी अतिशहाणा गच्चीवर गेलो, क्षेपणास्त्र कसं दिसतं ते बघायला! उजव्या अंगाला आभाळात काहीतरी असं फुटलं की मी मटकन खालीच बसलो. दोन दिवस कान वाजत राहिला. तिसऱ्या दिवशी वाजायचा थांबला. म्हटलं, चला, खलास, सुटलो.

क्लिनिक पुन्हा उघडलं त्या सकाळी चार हजारची शिट्टी मला पाचला आली नाही. दहाला नाही, वीसलाही नाही. तीसला आली.

मी मशीनला एक सणसणीत शिवी हासडली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, ते मी दुसऱ्यांना लाखदा ऐकवलेलं. स्वतःवर आली तेव्हा आठवलं नाही. रियाधला अल मलाझ भागात मशीनवाल्यांचं ऑफिस होतं, तिथे फोन लावला. रहमतुल्ला नावाचा हैदराबादी इंजिनिअर होता. म्हणाला, "जंग खत्म होने दो भाई, अभी कैसे आऊँ? तब तक किसी दूसरे के कान से देख लो."

"मेरे कान पे शक है क्या?" मी तडकलो आणि फोन आपटला.

दुसऱ्याचा कान कशाला, माझा डावा कान लावून बघितला असता तरी पुरे होतं. हेडफोन उलटा करायचा, एक मिनिटाचं काम. काखेत कळसा अन् गावाला वळसा. पण नाही बघितलं. मी हिशेब केला, मशीन चार हजारला पंचवीसने कमी आवाज सोडतंय. म्हणजे पेशंटचा जो आकडा येईल त्यातून पंचवीस वजा करून लिहायचा. वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवलं, चार हजारला पंचवीस वजा. वर सही ठोकली.

त्यानंतर जो येईल त्याचा कान गेल्या वर्षीपेक्षा चांगला निघायला लागला. सगळ्यांचाच! माणसाचा गेलेला कान परत येत नसतो, हे कालच्या पोरालाही सांगता येईल. मी स्वतःला काय सांगितलं? लढाईमुळे कारखाने मंद चालतायत, लोकांच्या कानांना विश्रांती मिळाली असेल. ह्या डोक्याला काय म्हणावं?

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात कादिरभाई आले. आमच्याच खाडीकाठचे, दाभोळच्या बाजूचे, पन्नाशीचे. वीस वर्षं पॉवर हाऊसमध्ये टर्बाईनच्या हॉलमध्ये फिटर. टर्बाईन म्हणजे वीज करणारं धूड, त्याच्यापाशी उभं राहिलं की छातीतलं हाड थरथरतं.

"जगदीशभाऊ, मला कमी येतं ऐकायला," ते म्हणाले. "स्टोअरमध्ये एक जागा आहे, शांत काम आहे. तुमच्या कागदावर पन्नासच्या वर आकडा आला तर सुपरवायझर बदली देतो म्हणाला. आहे तेवढा कान तरी राहील."

खिशातून त्यांनी कॅसेट काढून दाखवली. त्यांच्या बायकोला, हफीजाला, लिहिता येत नव्हतं. ती दर दोन महिन्यांनी टेप भरून कुणी येणाऱ्याबरोबर पाठवायची, आणि शेवटी त्यांची समरीन बोलायची. सात वर्षांची. पाच मुलग्यांनंतर नवसाने झालेली. "पोरीचं बोलणं नुसतं चिवचिव येतं बघा," कादिरभाई म्हणाले. "आवाज येतो, शब्द येत नाही."

मी त्यांना आत बसवलं. चार हजारला मशीनवर साठ आले. पंचवीस वजा, राहिले पस्तीस. गेल्या वर्षीच्या कागदावर पंचेचाळीस होते.

"कान ठणठणीत आहेत, कादिरभाई," मी म्हणालो. "सुधारलेत म्हणा की! टेप खराब असेल. आणि पोरं तोंड उघडून बोलतात कुठे? तोंडातल्या तोंडात चघळतात."

ते कागदाकडे बघत राहिले. "मला तर कमीच येतं, भाऊ. पण मशीन म्हणतं तर तसं असेल."

"मशीन कुठलं? मी म्हणतोय."

ते मान डोलवून गेले.

पुढचं मला एप्रिलमध्ये कळलं. अर्धी माणसं मायदेशी पळाली होती, म्हणून कादिरभाईंना दोन-दोन पाळ्या लागल्या. हॉलमध्ये सगळे कानांत बोळे घालून काम करतात, पण बोळे घातले तर बाहेरचा सायरन कसा ऐकू येणार? मग सुपरवायझरने शक्कल काढली. ज्याचे कान सगळ्यांत चांगले त्याने बोळे न घालता उभं राहायचं आणि सायरन वाजला की बाकीच्यांना हाताने खुणावायचं. कागद तपासले. बाकीच्यांचे गेल्या वर्षीचे होते, त्यामुळे सगळ्यांत चांगला कागद कादिरभाईंचा निघाला. माझ्या सहीचा.

लढाई संपेपर्यंत ते तसे उभे राहिले, टर्बाईनच्या शेजारी, उघड्या कानांनी. संपल्यावरही उभेच राहिले. खुणेचा माणूस हाताशी आहे तर असू दे, म्हणे.

ईद झाल्यावर रहमतुल्ला आला. कुवेतच्या तेलविहिरी जळत होत्या, दम्माममध्ये भर दुपारी दिवे लावावे लागत होते. त्याने त्याचं मोजायचं यंत्र हेडफोनला जोडलं, एकेक शिट्टी सोडून बघितली आणि माझ्याकडे वळला.

"मशीन तो एकदम सही है."

"चार हज़ार पे देखो," मी म्हणालो.

"चार हज़ार भी सही है." मग जरा मवाळ आवाजात म्हणाला, "जगदीशभाई, आप अंदर बैठो."

अकरा वर्षांत पहिल्यांदा मी काचेच्या पलीकडे बसलो. आत इतकं शांत असतं की आपलंच रक्त वाहताना ऐकू येतं. शिट्ट्या आल्या, बोट वर केलं. मग चार हजारची पाळी आली आणि काहीच येईना. पण शिट्टी किती वेळाने सोडतात ते मला ठाऊक होतं, हाताला ती लय होती. मी लय धरून बोट वर केलं. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं तेव्हा काचेतून रहमतुल्लाने आपले दोन्ही हात वर करून दाखवले. मशीनला त्याने हातही लावलेला नव्हता. त्याने कोरी जागा सोडली होती, आणि मी तीत बोट वर केलं होतं.

लबाड तो लबाडच. हो ना?

उजवा कान, चार हजारला तीस. डावा कान पाच. रहमतुल्ला यंत्र गुंडाळून निघून गेला. मी वही उघडून मोजलं. लढाई लागल्यापासून मी त्रेचाळीस माणसांतून पंचवीस वजा केले होते. पहिलं बोलावणं कादिरभाईंना धाडलं.

ते दुसऱ्या दिवशी दुपारी आले. दारातून मी हाक मारली तर वळले नाहीत, खांद्याला हात लावला तेव्हा वळले. आत बसवलं. मी शिट्टी चढवत गेलो. साठ, पासष्ट, सत्तर. बोट मांडीवरच. ते काचेतून माझ्याकडे बघत होते, शाळेत उत्तर न येणारी मुलं बघतात तसं. ऐंशीला बोट जरासं हललं.

मी आत गेलो, त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसलो आणि तोंड मोठं करून सगळं सांगितलं. उजवा कान माझा बिघडला होता, मशीन नाही. तुमचे साठ होते, मी पस्तीस लिहिले. बदली मिळायला हवी होती. आता ऐंशी आहेत, आणि गेलेलं परत येत नाही. दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगताना मला रडू फुटलं.

ते रागावले नाहीत. चार शिव्या घातल्या असत्या, थोबाडीत दिली असती तर फार बरं झालं असतं.

"म्हणजे मला कमी येत होतं, ते खरं होतं?" त्यांनी विचारलं.

"खरं होतं."

"पोरगी नीट बोलत होती?"

"नीटच बोलत असणार, कादिरभाई."

त्यांनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. "या अल्ला. मी रागावलो हो तिला. मार्चमध्ये टेप पाठवली त्यात म्हटलं, नीट तोंड उघडून बोलता येत नाही तर बोलूच नको. माझे कान तपासून घेतलेत, कान चांगले आहेत. तू मुकी आहेस काय, असं म्हटलं मी."

माझं वाक्य होतं ते. मी त्यांच्या तोंडात घातलं, त्यांनी तिच्या.

मग त्यांनी खिशातून नवी कॅसेट काढली. परवा गावाहून आलेल्या हाशिरने आणून दिली होती. "हफीजाचं थोडं थोडं कळतं," ते म्हणाले. "मग मध्येच मला काहीच येत नाही, बराच वेळ. तिथे समरीन बोलते वाटतं. तुमचा डावा कान चांगला आहे ना? तेवढं ऐकून सांगा, भाऊ. रागावली असेल तर रागावली म्हणून सांगा."

अख्ख्या दम्माममध्ये त्या खोलीइतकी शांत जागा नव्हती. तिथेच बसलो, समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून. टेपरेकॉर्डर मांडीवर, हेडफोन माझ्या डाव्या कानाला. हफीजाभाभीचा आवाज स्वच्छ आला. ईदची खुशाली, विहिरीचं पाणी, थोरल्याची नोकरी. मग म्हणाली, "घे, आता तू बोल गो अब्बांशी."

आणि मग काही नाही.

मी आवाज चढवला. दूर कुठेतरी कोंबडा आरवला. अगदी जवळ, टेपला नाक लावून बसल्यासारखा, एका लहान पोरीचा श्वास येत होता. येत होता, जात होता. शब्द नव्हता. "बोल ना गो, ईदचा फ्रॉक कसला ते सांग." श्वास. कोरी जागा.

कादिरभाई माझ्या डोळ्यांत बघत होते. त्यांना तोंडाने विचारायचा धीर झाला नाही. त्यांनी आपलं बोट वर केलं, अर्धवट, आणि भुवया उंचावल्या. आली?

अकरा वर्षं मी ज्यांना लबाड म्हणत आलो, ती सगळी माणसं मला त्या घटकेला आठवली. मी बोट वर केलं.

कादिरभाईंचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. ओठ हलले, "बोलते, बोलते," असं स्वतःशीच म्हणाले. आणि माझ्या कानात हफीजाभाभी सांगायला लागली, "नाही बोलत हो ती. तुमची टेप ऐकली त्या दिवसापासून घरातसुद्धा कुणाशी बोलत नाही. शाळेतल्या बाई येऊन गेल्या. मी काय करू, सांगा."

"अजून बोलते?" कादिरभाईंनी विचारलं.

टेप संपेपर्यंत मी बोट खाली घेतलं नाही.