भूकंपाच्या नावावर लागलेली भेग

मी एक जुनी भेग आहे. मित्रांनो, तुम्ही आजवर फाटक्या छत्रीचं मनोगत वाचलं असेल, मोडक्या खुर्चीचंही वाचलं असेल. भेगेला कुणी विचारत नाही. विचारायला आलेच, तर आधी पुट्टी भरतात आणि मग विचारतात. भरल्या तोंडाने काय सांगणार?

कोयनानगरच्या अलीकडे घाटरस्त्याला लागून लालासाहेबांचं घर आहे. त्याच्या स्वयंपाकघरात, नळाच्या वरच्या भिंतीत माझा जन्म झाला. त्याला बारा वर्षं झाली. लालासाहेब तेव्हा नुकतेच मिलिटरीतून सुभेदार म्हणून रिटायर होऊन आले होते. नोकरीभर त्यांनी ट्रक चालवला. पण घरी आल्यावर आपण प्लंबर, गवंडी आणि वायरमनही होतो, असं त्यांना हळूहळू आठवायला लागलं. पहिल्याच महिन्यात त्यांनी भिंत फोडली, पाइप बसवला, जोड आवळला आणि वरून गिलावा करून टाकला. तो जोड आतल्या आत थेंबथेंब गळत राहिला. मी त्या थेंबांची लेक.

पण मी दिसायला लागले त्याच आठवड्यात जमीन जराशी हलली. आमच्या भागात जमीन हलली की लोक चहाचा कप खाली ठेवतात, थोडं थांबतात, पुन्हा उचलतात आणि धक्का कितीचा होता एवढंच विचारतात. मग वर्षभर भिंतीला काहीही झालं तरी ते त्याच्या नावावर लावतात. लालासाहेबांनी मला पाहिलं आणि भूकंपाची आहे म्हणून सांगून टाकलं. झालं. बापाच्या रकान्यात भूकंप लागला, आणि खरा बाप पुट्टीचा डबा घेऊन समोर उभा.

मग माझी कामाची वर्षं सुरू झाली. भेगेचं काम बुजणं. मी मनापासून बुजत असे. पांढरं सिमेंट खाल्लं, चुन्यात कालवलेला डिंक खाल्ला, एकदा पाहुणे दारात आले म्हणून टूथपेस्टही खाल्ली. पावसाळ्यात सगळं फुगून बाहेर यायचं. तरी माझं कौतुक कमी नव्हतं. आल्यागेल्याला मला दाखवलं जाई. लालासाहेब दर वर्षी माझ्या टोकाशी पेन्सिलीने तारीख घालत. त्यांची मुलगी प्रियदर्शनी, तिच्या उंचीच्या खुणा दाराच्या चौकटीवर होत्या. ती दहावीत थांबली. मी थांबले नाही. ती लग्न होऊन सांगलीला विश्रामबागेत गेली, तोवर मी वरच्या फळीपर्यंत पोचले होते.

ती फळी कडाप्प्याची. तिच्यावर तांब्याचे हंडे, फळीखाली गॅसची शेगडी आणि शेगडीपुढे दिवसातले पाच तास राहीबाई, म्हणजे लालासाहेबांच्या मंडळी. भिंत आतून भिजत होती आणि फळीची पकड सुटत चालली होती. हे मला कळत होतं, पण सांगता येत नव्हतं. फार तर पिठात एखादा पोपडा टाकायचा. राहीबाई तो निवडून बाहेर काढायच्या.

एका मे महिन्यात, पावसाचा पत्ता नसताना, त्यांनी मला बोट लावलं. बोट ओलं झालं.

"आवं, भूकंपाला घाम येतो व्हय?" त्यांनी विचारलं.

पाटणचा गुंडा मिस्त्री बोलवा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ते लालासाहेबांच्या जिव्हारी लागलं. बर्फातून ट्रक काढलेल्या माणसाच्या भिंतीला बाहेरच्याने हात लावायचा? ते तालुक्याला गेले आणि पुट्टीचा मोठा डबा घेऊन आले.

दुसऱ्या दिवसापासून राहीबाई मोटारसायकलचं हेल्मेट घालून भाकरी थापायला लागल्या. राग नाही, तक्रार नाही. पट्टा लावायच्या, काच वर करायच्या आणि परात ओढायच्या. शेजारणी विरजण मागायच्या निमित्ताने बघून गेल्या. दूधवाल्याने कुठं निघालात म्हणून विचारलं. लालासाहेब ओशाळले, पण मिस्त्री बोलावला नाही. ते गावात बिनहेल्मेटचे फिरू लागले.

तीन आठवड्यांनी, सकाळी, फळीचं एक टोक बोटभर खाली आलं. मी धरून ठेवायला गेले. पण भेगेला धरता येत नाही, सोडताच येतं. हंडा घरंगळला आणि राहीबाईंच्या डोक्यावर आदळला. हेल्मेटला चीर गेली. ती मी पाहिली. माझ्याच वळणाची होती.

लालासाहेब धावत आले. राहीबाईंनी तव्यावरची भाकरी उतरवली, गॅस बंद केला आणि हेल्मेट मांडीवर घेऊन बाहेरच्या पायरीवर बसल्या.

"तुमच्या हातावर माझा इस्वास हाय," त्या म्हणाल्या. "भिंतीचा न्हाई. तिची समजूत कशी काढायची ते तुमी बघा."

लालासाहेबांनी फोन लावला.

गुंडा मिस्त्रीने आधी हंडे उतरवले, फळीला टेकू दिला. मग थापीच्या मुठीने भिंत ठोकली आणि कान लावून ऐकली.

"सुभेदार, भूकंपाला कशापायी बदनाम करताय? आतनं जोड गळतोय. कुणी बसवला हा?"

लालासाहेबांना कुणाचंही नाव सांगता आलं असतं. भूकंपासारखाच, बारा वर्षांपूर्वीचा प्लंबर काही नाकारायला आला नसता. त्यांनी पायरीवरच्या राहीबाईंकडे पाहिलं.

"मीच, गड्या. आणि बारा वरसं झाकलाबी मीच."

इतकं खरं माझ्यासमोर कुणी बोललं नव्हतं. गुंडा हसला नाही. आतलं मी बघतो म्हणाला, भिंत वाळली की रंग तुमी द्या, तुमचा हात सरळ हाय.

मित्रांनो, बल्ब बदला, खिळे ठोका, नळाचा वायसर घाला. चुकलं तर हसून सोडता येईल असं सगळं स्वतः करा. पण ज्याच्याखाली रोज कुणीतरी उभं राहतं, ते जाणत्या माणसाला दाखवा. आणि भेग दिसली, तर डबा उघडण्याआधी तिला एकदा हात लावा.

जोड बदलला. भिंत वीस दिवस उघडी ठेवून वाळवली. आज गुंडा जाळी मारून गिलावा करतोय. लालासाहेब घमेलं धरून उभे आहेत, सूचना न देता. हे त्यांना जड जातंय. राहीबाई दारातून बघताहेत. डोक्यावर नुसता पदर आहे.

माझं वरचं टोक बुजलं. वीतभर उरले आहे. मी फार दमले आहे, मित्रांनो. आता जमीन हलली तरी मला उठवू नका.