माथ्यावरची रेघ

"इथली रेघ कुठं गेली?"

क्षितिजानं हे विचारलं तेव्हा रत्नाबाई खुशीतच होती. पिरंगुटच्या त्या फायबरच्या शेडमध्ये ती एकोणीस वर्षं फिनिशिंगला. पाण्याच्या टाक्या म्हणू नका, बागेतले हत्ती म्हणू नका, बसचे डॅशबोर्ड म्हणू नका, साच्यातून निघालेल्या प्रत्येक पीसचा जोड तिच्या हाताखालून जायचा आणि नाहीसा व्हायचा. आज तर पुण्याच्या संग्रहालयातली शास्त्रज्ञ बाई स्वतः माल बघायला आलेली. कौतुकच होणार, दुसरं काय.

"कंची रेघ, ताई?"

"ही." क्षितिजानं हातातला मोठा फोटो टेबलावरच्या कवटीशेजारी धरला. मीटरभर लांब, चोचीसारखी निमुळती होत गेलेली देवमाशाची फायबरची कवटी. "इथून वर चढते, बघा. दोन्ही बाजूंनी."

"ती व्हय? ती घालवली की म्या. पुट्टी भरली, ऐंशीपास्नं चारशेपर्यंत समदे पॉलिश पेपर मारले. हात फिरवून बघा, लागतीया का कुटं?"

क्षितिजानं हात फिरवला. कुठं म्हणजे कुठं काही लागलं नाही. ती मटकन स्टुलावर बसली आणि रत्नाबाईचं हसू जागच्या जागी राहिलं.

शेडचा मालक कौस्तुभ धावत आला. माणूस वाईट नव्हता, पण घाई त्याच्या पाचवीला पुजलेली. उद्या सकाळी दहाला टेम्पो लागणार होता आणि परवा दालनाचं उद्घाटन होतं. "काय झालं मॅडम? रेघच ना? आपला रंगारी गोरख ब्रशनं काढून देईल. तपकिरी रंगाची एक बारीक ओढली की झालं."

"ही कवटी काचेच्या मागं राहणार नाही," क्षितिजा म्हणाली. "हात लावून बघायच्या दालनात जाणार आहे. पहिल्याच दिवशी अंधशाळेची मुलं येणार आहेत. ब्रशची रेघ त्यांना काय कळणार?"

क्षितिजा मग रत्नाबाईकडं वळली. चिडलेली होती, पण आवाज चढवला नाही तिनं.

"मावशी, हा देवमासा आता जगात नाही. याच्या जातीचं नाव सीटोथेरियम. एक कोटी वर्षांपूर्वी तिकडं काळ्या समुद्राच्या बाजूला होता. तोंडात दात नाहीत, टाळूला झालर लोंबायची, तिच्यातून पाणी गाळून खायचा. ही झालर असलेला जो जुना देवमासा कुठल्या घराण्यात बसेना, तो लोकांनी वर्षानुवर्षं याच्या घराण्यात ढकलला. नुसती अडगळ झाली. मग कुणीतरी नीट हाडं तपासली. तेव्हा कळलं की याच्या घरचा कोण, ते माथ्यावरून ओळखायचं. वरच्या जबड्याची दोन हाडं नाकाच्या दोन अंगांनी चढतात, निमुळती होतात आणि माथ्यावर एकमेकांशी येऊन टेकतात. रेघ म्हणजे त्या हाडांचा सांधा. ती नसली तर हा कुणाचाच कुणी नाही."

एकोणीस वर्षांत रत्नाबाईचा पीस कधी परत आला नव्हता. कौस्तुभचे वडील तिला कामाला लावताना एकच वाक्य बोलले होते, जोड दिसता कामा नये. तिनं तेच केलं होतं. साच्याच्या दोन भागांचा जोड गेला, आणि त्याच झपाट्यात कोटभर वर्षांचा जोडही गेला. कुणी तिला सांगितलं नव्हतं हे खरं. पण तिनं विचारलंही नव्हतं, आणि तेच तिला जास्त लागलं.

"मी घालवली, मीच काढती," ती म्हणाली.

"मावशी, साचा फाटलाय," कौस्तुभ म्हणाला. "बघून कोरायला नमुना कुठंय?"

"हाय. पैला पीस."

साच्यातून पहिला निघालेला पीस बुडबुड्यांनी खराब झाला होता म्हणून फेकून दिला होता. तो शेडमागं वॉचमन हैबतरावांनी सरपणावर झाकायला घेतलेला. रत्नाबाईनं तो ओढून काढला तसे हैबतराव कुरकुरले, "अगं, पाऊस आला म्हंजी?"

"माझी छत्री लावा."

पीस धुतला. डावी बाजू शाबूत, रेघ चांगली ठळक. उजवी कुऱ्हाडीचे घाव बसून फुटलेली. रत्नाबाईनं डावीवर बटरपेपर चिकटवला आणि पेन्सिल आडवी धरून घासत गेली. रेघ कागदावर उठली. सरळसोट नव्हती ती, करवतीच्या दात्यांसारखी वाकडीतिकडी, एका हाडाची बोटं दुसऱ्यात अडकल्यागत. मग तिनं लोखंड कापायच्या हेक्सा ब्लेडचा तुकडा ग्राइंडरवर टोकदार केला, त्याला चिंधी गुंडाळली आणि कवटीवर वाकली.

दुपारपर्यंत डावी बाजू झाली. उजवीसाठी तिनं तोच कागद उलटा करून लावला, तोच क्षितिजानं तिचा हात धरला. "तसं नाही मावशी. उजवी डावीसारखी नसते. तुमचे दोन कान तरी अगदी सारखे आहेत का?"

रत्नाबाईनं खरोखरच दोन्ही कान चाचपले. गोरख खदखदून हसला. "आक्का, डावा मोठाय तुमचा. साहेबांचं ऐकून ऐकून झालाय."

"तू रंग कालव गप," रत्नाबाई म्हणाली, आणि कागद चुरगळून टाकला.

उजवी बाजू फोटोवरून करायची होती. फोटोत रेघ दिसते, खोली दिसत नाही. ती एक दाता कोरायची, डोळे मिटून डावीवर बोट फिरवायची, मग उजवीवर. जास्त खोल गेलं की पुट्टी भरून पुन्हा. चारदा भरलं. पाचव्यांदा कौस्तुभ म्हणाला, "मावशी, पुरे आता, कुणाला कळतंय?" ती मान वर न करता म्हणाली, "त्या पोरांना." तो मुकाट्यानं तिच्यासाठी चहा घेऊन आला. साडेसहाची पौडची बस धरताना तिची मान आखडली होती आणि दोन बोटं काम उरलं होतं.

सकाळी ती पहिल्या बसनं आली. गेटवरच्या हजेरीच्या मशीननं नेहमीसारखा तिचा अंगठा नाकारला. पॉलिश पेपर घासून घासून बोटांवरच्या रेघा कधीच पुसल्या गेल्या होत्या. हैबतरावांनी नेहमीसारखं वहीत तिचं नाव लिहिलं.

साडेनऊला काम संपलं. क्षितिजानं डोळे मिटले आणि चोचीच्या टोकापासून दोन्ही हातांची बोटं वर नेत गेली. नाकाशी हात वेगळे झाले, दोन्ही सांध्यांतून अडखळत चढले, माथ्यावर एकमेकांना येऊन टेकले. ती तशीच थांबली.

"सीटोथेरियम," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आला हा आपल्या घरी."

रत्नाबाईनं ब्लेडवरची चिंधी सोडायला घेतली. तिला रडू येईलसं वाटत होतं आणि गोरखसमोर तिला रडायचं नव्हतं.

"मावशी, आतल्या बाजूला तुमची खूण करा," क्षितिजा म्हणाली. "वरून दिसणार नाही. पण उद्या कुणी कवटी उलटी केली तर कळायला हवं, ही कुणी केली ते."

गोरखनं कवटीच्या आत पुट्टीचा ओला गोळा थापला. रत्नाबाईनं साडीच्या पदराला अंगठा पुसला आणि जोर देऊन दाबला. उचलून पाहिलं तर नुसता खळगा. स्वच्छ, गुळगुळीत, त्यात एकही रेघ नाही.

"उठला नाही वाटतं," क्षितिजा म्हणाली. "पुन्हा करू या?"

"न्हाई ताई. माझा असाच उठतोय. ऱ्हाऊ द्या."

बाहेर टेम्पोनं हॉर्न दिला. खळग्याभोवती पुट्टीची ओबडधोबड कड उभी राहून वाळत होती. रत्नाबाईचा हात सवयीनं पॉलिश पेपरकडं गेला, तिथं क्षणभर थांबला, आणि तिनं तो मागं घेतला.