हजाराला आठशे

टाकीतलं पाणी पांढऱ्या खुणेला टेकलं तसा तिनं हात वर केला. दादानं व्हॉल्व्ह फिरवला आणि पाईपातली घरघर हळूहळू विरून गेली.

तिनं वाकून मीटर वाचलं. टाकीत हजार लिटर होतं, मीटरनं आठशेच मोजलं होतं. तिसऱ्यांदा तेच.

दुपार अशी थबकली होती, की आभाळ टाकीत उतरून निजलंय असं वाटावं. त्यातला एक ढग या काठाहून त्या काठाला निघाला होता, पण पोचत नव्हता. पाणी वापरणाऱ्यांच्या संस्थेत तपासनीस म्हणून लागल्यापासून तिनं कितीतरी मीटरं तपासली होती. सख्ख्या भावाच्या शेतावर आज पहिल्यांदाच आली होती. दुसऱ्या कुणाला पाठवू, असं सचिव म्हणाले होते. तिनंच नको म्हटलं.

संस्थेचा नियम सरळ होता. मीटर ज्याचं, ते बरोबर चालतंय का हे बघणं त्याच्याच अंगावर. चुकीचं निघालं तर दुरुस्त होईतो व्हॉल्व्हला सील. आणि माहीत असून लपवलं असेल, तर पाण्याची पुढची पाळीही जायची.

"कधीपासून?" तिनं फॉर्मवरची नजर न काढता विचारलं.

टोमॅटोच्या ओळी पिवळ्या फुलांनी भरल्या होत्या. आजच कळलं, असं तो म्हणाला असता तर ते खोडून काढणारं कुणी नव्हतं. ती पेनाचं टोपण उघडायला उगाच वेळ लावत राहिली.

"मागच्या हंगामापासून," दादा म्हणाला.

"नीट आठव."

"आठवतंय म्हणून तर सांगतोय. पाईपाला कान लावून बघितलं होतं. पाणी नुसतं पळत होतं आणि आकडे रेंगाळत होते."

"मग कळवलं का नाहीस?"

"पीक फुलावर आलेलं. सील लागलं असतं तर हातचं गेलं असतं. म्हटलं, एवढा हंगाम निघू दे. नंतर जीभच उचलेना."

तिला राग आला. कालव्याच्या शेवटी काकूंचं शेत होतं, तिथं पाणी पोचायचं ते दोऱ्यासारखं. तिनं नोंदवही उघडली. प्रत्येकाचा वाटा पाळीला पाचशे घनमीटर, आणि बहुतेकांचे आकडे पाचशेला चिकटलेले. दादाचे मात्र तीनशे साठ, तीनशे अठ्ठावन्न, पुन्हा तीनशे साठ. या आकड्यांनीच तिला इथं आणलं होतं. मीटरच्या अलीकडून चोरून नेलेला एखादा पाईप सापडेल, म्हणून सकाळी ती बांधावरून दोनदा फिरली होती.

"तीनशे साठला का बंद करतोस?"

"अंदाजानं. मीटर जेवढं मोजत नाही, तेवढं आधीच सोडून द्यायचं."

तिनं वहीच्या कोपऱ्यात आकडेमोड केली. मीटरवरचे तीनशे साठ म्हणजे खरे साडेचारशे. मग पुन्हा एकदा केली.

"चारशेला बंद केलं असतंस तरी चाललं असतं. दर पाळीला पन्नास कमी घेतलंस तू."

"असेल. चुकायचंच तर त्या अंगाला चुकावं, म्हटलं."

पलीकडच्या चार ओळी खुरटलेल्या होत्या, पानं वळलेली. येताना तिला वाटलं होतं, रोग पडलाय. आता तिनं बुडाशी बघितलं, माती कोरडी भेगाळलेली होती. वाऱ्याची एक झुळूक टाकीवरून गेली आणि आतलं आभाळ सुरकुतलं.

मग तिनं लिहिलं: मीटर हजाराला दोनशे कमी मोजतं. मालकाला मागच्या हंगामापासून माहीत. साडेचारशेसाठी फॉर्मवर रकाना नव्हता, तो आकडा तिनं समासात लिहिला.

"पुढची पाळी जाईल तुझी," ती म्हणाली.

"काकूंना मिळेल ना ती?"

"शेवटच्या शेताला जाते."

त्यानं मान हलवली. ती सीलची तार ओवायला लागली, पण बोटं घामानं घसरत होती. दादा शेजारी उकिडवा बसला आणि तारेचं दुसरं टोक त्यानं धरून ठेवलं.

"नीट आवळ," तो म्हणाला. "सैल राहिली तर तुला बोलतील."